गावाचा विमानतळ गावाकडे!

1 नोव्हेंबर 2016. कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारिओ शहराला त्या दिवशी आपला विमानतळ परत मिळाला. दिला कोणी? लॉस एंजेलिस महापालिकेनं! धावपट्ट्या जागच्या जागी, टर्मिनलं जागच्या जागी, विमानं वेळापत्रकाप्रमाणे. बदलला तो मालक. तेवढ्यासाठी वर्षानुवर्षं वाटाघाटी झाल्या, कोर्टात दावा लागला, अमेरिकेच्या केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाची मंजुरी घ्यावी लागली आणि वॉशिंग्टनमध्ये कायद्यात एक कलमही घालावं लागलं.

आपल्याला हे ऐकूनच नवल वाटतं. आपल्याकडे महापालिका म्हणजे पाणी, कचरा, रस्ते, शाळा, फार तर बस. विमानतळ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं भारतीय विमानतळ प्राधिकरण, नाहीतर एखादी खासगी कंपनी. महाराष्ट्रात राज्य सरकारची विमानतळ विकास कंपनीही आहे. शिर्डीचा विमानतळ तिचा. अमेरिकेत मात्र बहुतेक प्रवासी विमानतळ शहरांचे, काउंट्यांचे किंवा त्यांनी मिळून नेमलेल्या प्राधिकरणांचे असतात. म्हणून तिथे विमानतळावरून महापौर भांडतात, नगरसेवक निवडणुका लढवतात आणि शेजारची शहरं एकमेकांना कोर्टात खेचतात. या सगळ्या भांडणांत मला ऑन्टारिओची गोष्ट सर्वांत आवडते, कारण तिच्यात धाकट्यानं थोरल्याकडून आपली वस्तू सोडवून आणली आहे.

खेचरांनाही गाडीत जागा

ऑन्टारिओ म्हटलं की कॅनडा आठवतो, आणि संबंध खरोखरच तिथला. जॉर्ज आणि विल्यम चॅफी हे भाऊ कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातून आले आणि 1882 मध्ये त्यांनी हे गाव वसवलं. नावही माहेरचंच ठेवलं. पाणी आणणं आणि फिरवणं हा दोघांचा हातखंडा. कोरड्या माळावर डोंगरातलं पाणी खेळवून त्यांनी बागायतीचे प्लॉट पाडले आणि तिथे संत्र्या-लिंबांच्या बागा उभ्या राहिल्या. पुढे हेच भाऊ ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथे मरे नदीकाठी त्यांनी मिल्ड्युरा वसवलं.

गावाचा मुख्य रस्ता युक्लिड अव्हेन्यू. तो डोंगराच्या दिशेनं संथपणे चढत जातो. 1887 पासून या रस्त्यावर खेचरांची ट्राम धावायची. चढावर खेचरं गाडी ओढायची. वर पोचलं की गाडीच्या मागून एक फळी बाहेर काढायची, खेचरांना तिच्यावर चढवायचं आणि गाडी उतारावरून आपोआप खाली यायची. येताना खेचरंही प्रवासी! 1895 मध्ये विजेची ट्राम आली आणि खेचरांची ही सफर संपली. या गावाला वाहतुकीचं वेड आहे ते तेव्हापासूनचं.

उडणारी मोटार बनवणारा माणूस

विमानतळाची सुरुवात 1923 ची. वाल्डो वॉटरमन आणि आर्ची मिचेल या वैमानिकांनी युनियन पॅसिफिक रेल्वेची जमीन भाड्यानं घेऊन विमानं उतरवण्याची पट्टी तयार केली. शेजारी संत्री पॅक करणारी लॅटिमर नावाची कंपनी होती, म्हणून पट्टीचं नाव पडलं लॅटिमर फील्ड. उडण्याची हौस असलेल्या मंडळींनी आपला क्लबही काढला.

यातला वॉटरमन हा भन्नाट गडी. रस्त्यावर मोटारीसारखं चालेल आणि पंख जोडले की उडेल असं वाहन बनवायचं त्याच्या डोक्यात होतं. त्यानं ते बनवलंही! 1937 मध्ये त्याचं ‘अ‍ॅरोबाइल’ आकाशात उडालं. या मालिकेतलं एक वाहन आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

आता थोरल्या भावाकडेही एक नजर टाकू. लॉस एंजेलिसचा आजचा अवाढव्य विमानतळ 1928 मध्ये सुरू झाला तो घेवड्याच्या नि गव्हाच्या शेतात, आणि त्याचं पहिलं नाव होतं माइन्स फील्ड. विल्यम माइन्स हे त्या जमिनीचा व्यवहार बघणारे दलाल! एका विमानतळाला संत्री पॅक करणाऱ्याचं नाव, दुसऱ्याला जमिनीच्या दलालाचं.

12 हजार डॉलरची खरेदी

1929 मध्ये ऑन्टारिओ नगरपालिकेनं 12 हजार डॉलर मोजून 30 एकर जागा घेतली आणि नगरपालिकेचा अधिकृत विमानतळ सुरू केला. ती मूळ जागा आजच्या विमानतळाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात येते. 1941 मध्ये आणखी 470 एकरांची भर पडली. मंदीच्या काळात सरकारनं बेकारांना काम देण्यासाठी जी मोठी योजना काढली होती, तिच्या पैशातून काँक्रीटच्या धावपट्ट्या झाल्या. खर्च साडेतीन लाख डॉलर. दुसऱ्या महायुद्धात इथे लढाऊ वैमानिकांचं प्रशिक्षण चाललं.

युद्ध संपलं आणि 1946 मध्ये विमानतळाच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आला. परदेशी जाणाऱ्या प्रवाशांची तिथे अजून वर्दळ नव्हती. पॅसिफिक महासागर ओलांडून जाणारी मालवाहू विमानं तिथून सुटायची, तेवढ्या आधारावर गावानं हे नाव लावून टाकलं. हिंमत म्हणायची ती ही.

मग दिला कशाला?

1967. जेट विमानांचा जमाना सुरू झाला होता. लांब धावपट्ट्या हव्या होत्या, मोठी टर्मिनलं हवी होती आणि विमान कंपन्यांना बोलावून आणणारं वजनदार नाव हवं होतं. ऑन्टारिओकडे जमीन होती, पण हे बाकीचं काही नव्हतं. तेव्हा वर्षाकाठी 2 लाखांहूनही कमी प्रवासी तिथून ये-जा करत होते. लॉस एंजेलिसकडे पैसा होता, विमान कंपन्यांशी संबंध होते आणि आपल्या विमानतळावरची गर्दी इतरत्र पसरवण्याची गरजही होती. दोन्ही शहरांनी करार केला: विमानतळ चालवायचा आणि वाढवायचा लॉस एंजेलिसनं. 1985 मध्ये मालकीही लॉस एंजेलिसकडे गेली.

कसायला दिलेली जमीन पुढे कुळाच्या नावावर चढते, आपल्याकडे कूळकायद्यानं कित्येक गावांत झालं तसंच हे झालं. आणि चांगलं कूळ जमिनीची मशागत करतं, तशी लॉस एंजेलिसनं केलीही. धावपट्ट्या वाढल्या, त्यांतली एक 12,197 फुटांची, म्हणजे पावणेचार किलोमीटरच्या आसपास. जगातलं कुठलंही मोठं विमान तिथे उतरू शकतं. 1998 मध्ये 27 कोटी डॉलर खर्चून दोन नवी कोरी टर्मिनलं उघडली. त्यांना क्रमांक दिले 2 आणि 4. क्रमांक 3 कुठे आहे? तो बांधायचा होता. प्रवासी वाढले की मधल्या जागेत उभा करू, म्हणून नंबर राखून ठेवला होता. जुनं टर्मिनल बंद झालं. आज तिथे जाणारा प्रवासी 2 बघतो, 4 बघतो आणि मधला शोधत राहतो.

त्या बंद पडलेल्या जुन्या टर्मिनलचंही नशीब बघा. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 2002 मधल्या ‘कॅच मी इफ यू कॅन’ या चित्रपटात मायामीचा विमानतळ म्हणून जो दिसतो, तो खरा ऑन्टारिओचा आहे.

72 लाखांवरून 40 लाखांखाली

2007 मध्ये ऑन्टारिओतून 72 लाख प्रवासी गेले-आले. सगळं छान चाललं होतं. मग 2008 ची मंदी आली, इंधन महागलं आणि विमान कंपन्यांनी छोट्या विमानतळांवरची उड्डाणं कापायला सुरुवात केली. जेटब्लू त्याच वर्षी निघून गेली. 2013 मध्ये प्रवासी 40 लाखांच्याही खाली आले.

मंदी सगळ्यांनाच होती, हे मान्य. पण शेजारचा आकडा बघा. लॉस एंजेलिसच्या मुख्य विमानतळावर 2007 मध्ये 6 कोटी 24 लाख प्रवासी होते आणि 2013 मध्ये 6 कोटी 66 लाख. मालक एक, प्रदेश एक, मंदी एक. एक विमानतळ सावरून पुढे गेला आणि दुसरा जवळपास निम्म्यावर आला. ऑन्टारिओच्या लोकांना प्रश्न पडला की आपल्या विमानतळासाठी धावणारं तिकडे कोणी आहे का? विमान कंपन्यांच्या दाराशी जाऊन ‘आमच्याकडे या’ म्हणणारं कोण? इथला खर्चही दर प्रवाशामागे जास्त पडत होता, आणि खर्च जास्त असला की कंपनी बॅग भरते.

हा प्रश्न नुसता अभिमानाचा नव्हता. ऑन्टारिओ ज्या भागात आहे त्याला इनलँड एम्पायर म्हणतात. रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो या दोन काउंट्यांत मिळून 40 लाखांहून जास्त लोक राहतात. उड्डाण घरापाशी मिळालं नाही की या लोकांना लॉस एंजेलिसच्या वाहतूक कोंडीतून किनाऱ्यापर्यंत जावं लागतं. दोन विमानतळांमधलं अंतर साधारण 80 किलोमीटर. सकाळच्या गर्दीत हे 80 किलोमीटर म्हणजे विमानप्रवासापेक्षा मोठा प्रवास! विमानतळाजवळची हॉटेलं, गोदामं, भाड्याच्या मोटारी, खाणावळी अशी हजारो माणसांची रोजीरोटी त्या उड्डाणांवर चालते. माझं सरळ मत आहे: ज्यांचं पोट विमानतळावर आहे, त्याच्या कारभारात त्यांचा शब्द चालला पाहिजे. लॉस एंजेलिसला ऑन्टारिओ हा एक जास्तीचा विमानतळ होता. ऑन्टारिओला तो एकुलता एक होता.

‘सेट ऑन्टारिओ फ्री’

2012 मध्ये ऑन्टारिओ शहर आणि सॅन बर्नार्डिनो काउंटी यांनी मिळून विमानतळ प्राधिकरण स्थापन केलं. हातात विमानतळ नाही, पण तो चालवायला प्राधिकरण तयार! मोहिमेला नावही दणदणीत दिलं: ‘सेट ऑन्टारिओ फ्री’. ऑन्टारिओचे नगरसेवक अ‍ॅलन वॅपनर या लढ्यात पुढे होते. गंमत म्हणजे 2006 पासून विमानतळाचं नावच ‘एलए/ऑन्टारिओ’ असं झालं होतं. परगावच्या प्रवाशाला हा विमानतळ कॅनडात नसून लॉस एंजेलिसजवळ आहे हे कळावं, असा त्यामागचा हिशेब. गावाला मात्र आपल्या नावाच्या आधी दुसऱ्याचं नाव बघावं लागत होतं.

वाटाघाटी किमतीवर अडल्या. लॉस एंजेलिसच्या बाजूनं आकडा आला 47 कोटी 40 लाख डॉलर. ऑन्टारिओचं म्हणणं, तुम्ही हा विमानतळ आमच्याकडून विकत घेतला नव्हता, मग विकता कसा? लॉस एंजेलिसचं म्हणणं, आम्ही इतक्या वर्षांत त्यात पैसा ओतला, त्याचं काय? दोन्ही मुद्द्यांत दम होता. 2013 मध्ये ऑन्टारिओ कोर्टात गेलं.

विमानतळाचा पैसा विमानतळालाच

या भांडणाच्या मुळाशी एक नियम आहे, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच. केंद्र सरकारचं अनुदान घेतलेल्या विमानतळाचं उत्पन्न अमेरिकेत विमानतळावरच खर्च करावं लागतं. विमान उतरवण्याचं शुल्क, दुकानांचं भाडं, पार्किंगचे पैसे, यातलं काहीही महापालिकेच्या तिजोरीत वळवता येत नाही. उद्या शहराला रस्ते करायचे असोत, बाग करायची असो, पगार द्यायचे असोत, विमानतळाच्या गल्ल्याला हात लावायचा नाही.

म्हणजे बघा, लॉस एंजेलिसनं ऑन्टारिओ कितीही महाग विकला असता, तरी त्या पैशातून शहराचा एक खड्डाही बुजला नसता. तो पैसा आपल्या दुसऱ्या विमानतळाकडेच जाणार. म्हणूनच शेवटच्या करारात विक्रीची किंमत ठरवण्यापेक्षा आधी केलेल्या गुंतवणुकीची परतफेड ठरवण्यावर भर आला. आपल्याकडे एखाद्या खात्याचं उत्पन्न नेमकं कुठे गेलं हे शोधताना नाकी नऊ येतात. इथे कायद्यानं खिसाच शिवून टाकला आहे.

प्रवाशांच्या तिकिटावरही तिथे विमानतळ सुविधा शुल्क असतं, एका वेळेला जास्तीत जास्त साडेचार डॉलर. ते ज्या विमानतळावर गोळा केलं तिथल्या किंवा त्याच मालकाच्या दुसऱ्या विमानतळावरच्या कामांसाठी वापरायचं. पण एका विमानतळाची फारकत झाल्यावर त्याचं शुल्क आधीच्या जोडीदार विमानतळासाठी वापरता येईल का? यावर कायदा गप्प होता. त्यासाठी 2016 मध्ये अमेरिकी काँग्रेसनं खास तरतूद केली. दोन शहरांच्या काडीमोडासाठी देशाचा कायदा बदलला!

15 कोटी, हप्त्याहप्त्यानं

ऑगस्ट 2015 मध्ये लॉस एंजेलिसचे महापौर एरिक गार्सेटी आणि ऑन्टारिओची मंडळी यांनी तडजोड जाहीर केली. दावा मागे. लॉस एंजेलिसला 10 वर्षांत 15 कोटी डॉलर परत मिळणार: 3 कोटी ऑन्टारिओ शहर आधी देणार, पुढच्या 5 वर्षांत 5 कोटी आणि त्यापुढच्या 5 वर्षांत 7 कोटी. त्याशिवाय विमानतळाच्या रोख्यांचं सुमारे 6 कोटी डॉलरचं कर्ज नव्या मालकाच्या डोक्यावर. 47 कोटींचा आकडा कुठे आणि हा कुठे!

करारातलं मला सर्वांत आवडलेलं कलम मात्र पैशाचं नाही. विमानतळावर काम करणाऱ्या 182 जणांच्या नोकऱ्यांना संरक्षण देण्याचं ते कलम आहे. दोन महापालिका भांडतात तेव्हा सामान उचलणाऱ्या, दिवे दुरुस्त करणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही. इथे विचारलं गेलं. हस्तांतरानंतर काही काळ लॉस एंजेलिसचे कर्मचारी तिथेच काम करत राहिले आणि कारभाराची घडी बसेपर्यंत दोन्ही शहरांनी एकमेकांना हात दिला. पोलिस आणि अग्निशमन हळूहळू ऑन्टारिओ शहराकडे आले. आणि फलकावरचं ‘एलए’ उतरलं.

शेजारीपाजारी काय चाललंय?

दक्षिण कॅलिफोर्नियात विमानतळांच्या मालकीच्या कहाण्या ढिगानं सापडतात.

व्हॅन नाइजचा विमानतळ लॉस एंजेलिसनं 1949 मध्ये केंद्र सरकारकडून घेतला. किंमत: 1 डॉलर. अट एवढीच की तिथला हवाई राष्ट्ररक्षक दलाचा तळ राहू द्यायचा.

पामडेलच्या वाळवंटी माळावर लॉस एंजेलिसनं प्रचंड विमानतळासाठी 17 हजार एकरांहून जास्त जमीन घेऊन ठेवली. तो विमानतळ कधी झालाच नाही. एवढी जमीन, आणि त्यावर एकही मोठं टर्मिनल नाही.

बरबँकचा विमानतळ विमानं बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीचा होता. 1978 मध्ये बरबँक, ग्लेंडेल आणि पॅसाडेना या 3 शहरांनी एकत्र येऊन तो 5 कोटी 10 लाख डॉलरना विकत घेतला. तिघांचा एक विमानतळ, आणि आजही तिघांचंच प्राधिकरण तो चालवतं.

सँटा मोनिकाची तऱ्हा उलटी. तिथल्या शहराला आपला विमानतळ नकोच आहे! आवाज, धूर आणि दाट वस्तीला खेटून धावपट्टी. जगभर गाजलेलं डीसी-3 विमान 1935 मध्ये पहिल्यांदा उडालं ते इथूनच, तरीही रहिवासी आणि महापालिका बंद करण्यावर ठाम. पण केंद्राच्या अनुदानाची बंधनं असल्यानं बंद करणंही सोपं नाही. शेवटी 2017 मध्ये तडजोड झाली: धावपट्टी सुमारे 5 हजार फुटांवरून 3,500 फुटांवर आणायची आणि 31 डिसेंबर 2028 नंतर शहर विमानतळ बंद करू शकेल. एक शहर विमानतळ मिळावा म्हणून कोर्टात, दुसरं तो जावा म्हणून.

महापौर उतरेनात!

जरा कॅलिफोर्नियाबाहेर जाऊ. 1934. न्यूयॉर्कचे नवे महापौर फिओरेलो ला गार्डिया विमानानं घरी येत होते. विमान उतरलं नेवार्कला, म्हणजे शेजारच्या न्यू जर्सी राज्यात. सगळे प्रवासी उतरले, महापौर जागचे हलेनात. तिकिटावर न्यूयॉर्क लिहिलंय, मला न्यूयॉर्कला न्या! शेवटी त्यांना ब्रुकलिनमधल्या फ्लॉइड बेनेट फील्डवर नेऊन उतरवावं लागलं. त्यांनी हा हट्ट सोडला नाही आणि 1939 मध्ये न्यूयॉर्कला स्वतःचा नवा विमानतळ मिळाला. त्याला आज ला गार्डिया यांचंच नाव आहे.

टेक्सासमध्ये डॅलस आणि फोर्ट वर्थ यांचं वैर तर दंतकथेसारखं. फोर्ट वर्थचे वृत्तपत्रमालक एमन कार्टर डॅलसला गेले की जेवणाचा डबा सोबत नेत. डॅलसमध्ये एक पैसाही खर्च करायचा नाही म्हणून! 1940 च्या दशकात दोघांचा एकत्र विमानतळ करायचं ठरलं, तर टर्मिनल कोणाच्या बाजूला असावं यावरून डॅलसनं अंग काढून घेतलं. 1964 मध्ये केंद्राच्या विमान वाहतूक मंडळानं दोघांना बजावलं की मिळून एकच विमानतळ बांधा. आणि जो विमानतळ 1974 मध्ये सुरू झाला, तो आज जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आहे. मालकी डॅलसची 11 पैकी 7 हिस्से, फोर्ट वर्थची 11 पैकी 4. डबेवाल्या कार्टरना हे पाहायला मिळालं नाही. ते 1955 मध्येच गेले.

शिकागोनं ओ'हेअर विमानतळ शहराच्या हद्दीत आणण्यासाठी 1956 मध्ये रस्त्यालगतची एक चिंचोळी पट्टी जोडून घेतली. नकाशात शिकागो शहर आणि विमानतळ यांच्यामध्ये असा धागा आजही दिसतो.

डेन्व्हरनं तर 1988 मध्ये शेजारच्या अ‍ॅडम्स काउंटीची जवळपास 137 चौरस किलोमीटर जमीन आपल्यात घेतली. काउंटीच्या मतदारांनीच होकार दिला, पण एक अट घालून: आवाजाची ठरलेली मर्यादा ओलांडली आणि ती वेळेत सुधारली नाही, तर दर उल्लंघनाला 5 लाख डॉलर दंड. त्यावरून दोघे पुढे कोर्टातही गेले. जमीन देताना सही करण्याआधी शेजाऱ्यानं केवढं डोकं लावलं होतं!

आणि सिनसिनाटी? ओहायो राज्यातल्या या शहराचा मुख्य विमानतळ नदीपलीकडे केंटकी राज्यात आहे, आणि चालवते केंटकीतली यंत्रणा. सिनसिनाटीला जाणारा प्रवासी आधी दुसऱ्याच राज्यात उतरतो.

ऑन्टारिओनं पुढे काय केलं?

विमानतळ हातात आला, पण प्रवासी आपोआप येत नाहीत. नव्या प्राधिकरणानं खर्च कमी केला, विमान कंपन्यांना सवलती दिल्या आणि दारोदार जाऊन उड्डाणं मागितली. मार्च 2018 मध्ये चायना एअरलाइन्सची तैपेईची थेट सेवा सुरू झाली. आता थेट तैवान का? ऑन्टारिओ आणि लॉस एंजेलिस यांच्या मधल्या पट्ट्यात तैवानी आणि चिनी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांना किनाऱ्यावरच्या विमानतळापर्यंत कोंडीतून जाण्यापेक्षा ऑन्टारिओ किती तरी जवळचं. ही गोष्ट दूरच्या कार्यालयात बसून लक्षात येत नाही. तिथल्या बाजारात भाजी घेताना लगेच येते. जून 2025 मध्ये स्टारलक्स ही तैवानची दुसरी कंपनीही तैपेईहून ऑन्टारिओला येऊ लागली.

2018 च्या सप्टेंबरमध्ये जेटब्लू परतली. 10 वर्षांपूर्वी गेलेली तीच.

मालवाहतुकीची बाजू तर पहिल्यापासून भक्कम. पश्चिम किनाऱ्यावर यूपीएसचं मोठं केंद्र ऑन्टारिओत आहे. फेडेक्सनंही विमानतळावर नवं संकुल उभं केलं. एका क्लिकवर घरी येणारं दक्षिण कॅलिफोर्नियातलं सामान याच परिसरातल्या गोदामांतून फिरतं. ज्या बागांतून संत्री डब्यांत भरून जायची, तिथे आज गोदामांच्या रांगा आहेत.

2019 मध्ये प्रवासी 55 लाखांच्या पुढे गेले. मग कोविड आला आणि 2020 मध्ये आकडा 25 लाखांच्या आसपास कोसळला. पण सावरण्याचा वेग दांडगा होता. 2022 मध्येच ऑन्टारिओनं कोविडच्या आधीचा आकडा मागे टाकला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसचा मुख्य विमानतळ अजून 2019 च्या पातळीपासून बराच खाली होता. 2023 मध्ये 64 लाख. 2024 मध्ये 70 लाखांच्या वर. 2007 मधला 72 लाखांचा तो जुना आकडा गाठायला तेव्हा 2 लाखांहूनही कमी प्रवासी उरले होते. 1967 मध्ये वर्षभराचे प्रवासीही 2 लाखांहून कमीच असायचे.